लेखणीलाही मुदत लागते

पदवीचे निकाल लागले की व्यापारी कुटुंबांतील चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. सी.ए., एम.बी.ए., कंपनी सेक्रेटरी, नाहीतर घरच्याच पेढीवर बसून जी.एस.टी. आणि वसुली सांभाळणे, यांपैकी एक वाट निवडायची असते. अशा वेळी घरातील एखाद्या मुलीने "मला लेखनाचे रीतसर शिक्षण घ्यायचे आहे" असे सांगितले, तर बैठकीत काही क्षण कोणीच बोलत नाही. मग दादाजी म्हणतात, "लिही की बेटा, कोण नको म्हणते? पण त्यासाठी दोन वर्षे कॉलेज कशाला?" वडील विचारतात, "पुढे काय?" आणि आई मनातल्या मनात मुलीच्या वयाचा हिशेब मांडते.

या तिन्ही प्रतिक्रियांत तिरस्कार नाही, काळजी आहे. आणि त्या काळजीच्या मुळाशी बहुतेक वेळा माहितीचा अभाव आहे. सी.ए. होण्यास कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात, हे प्रत्येक घरास ठाऊक असते. लेखन शिकण्याची वाट कोठून सुरू होते, तिच्यावर आधाराची ठिकाणे कोणती, खर्च किती आणि उत्पन्न किती, हे मात्र सहसा कोणी सांगितलेले नसते. भिवंडीसारख्या गावात तर ते विचारावे कोणाला, हाच प्रश्न असतो. म्हणून या विषयाचा, व्यापारी मनास पटेल अशा क्रमाने, विचार करणे उपयुक्त ठरेल.

पेढी आणि पोथी

व्यापार आणि लेखन यांचे वैर आहे, असे जैन परंपरा तरी सांगत नाही. उद्योतनसूरींनी इ.स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. तेथे निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलताना दाखविले असून त्यांत मराठी बोलणाराही आहे. एका जैन आचार्यांनी बाजारातील गलबला कान देऊन ऐकला, म्हणून मराठी बोलीचा तो प्राचीन उल्लेख आज आपल्या हाती आहे. या ग्रंथाचे चिकित्सक संपादन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील विद्वान प्राध्यापक आ. ने. उपाध्ये यांनी केले.

पुढे सतराव्या शतकात जौनपूर-आग्रा भागातील व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये 'अर्धकथानक' लिहिले. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. फार शिकण्यापेक्षा दुकानाकडे लक्ष द्यावे, असे वडीलधाऱ्यांनी आपल्याला बजावले होते, हे त्यांनी त्यात नोंदविले आहे. व्यापारात आलेली खोट, झालेली फसवणूक, तारुण्यात लिहिलेले आणि नंतर स्वतःच गोमती नदीत सोडून दिलेले शृंगारकाव्य, यांपैकी काहीही त्यांनी लपविले नाही. नफातोट्याची वही जितक्या प्रामाणिकपणे लिहावी, तितक्याच प्रामाणिकपणे त्यांनी आयुष्य लिहिले. श्रीमद् राजचंद्र यांनी मुंबईत जवाहिऱ्याचा व्यवसाय सांभाळीत असताना १८९६ मध्ये 'आत्मसिद्धिशास्त्र' रचले. आपल्या काळात जळगावचे उद्योगपती भवरलाल जैन यांनी पत्नीच्या आठवणींवर 'ती आणि मी' हे पुस्तक मराठीत लिहिले.

लेखनाला द्रव्याचा आधार देण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. आहारदान, औषधदान, अभयदान यांच्या बरोबरीने शास्त्रदान मानले गेले. श्रावक-श्राविकांनी लेखनिकांना द्रव्य देऊन पोथ्या लिहवून घेतल्या, आणि पोथीच्या अखेरच्या प्रशस्तीत लिहवून घेणाऱ्याचे नाव, गाव, कुल आदरपूर्वक नोंदले गेले. पाटण आणि जैसलमेरचे ग्रंथभांडार, आपल्या विदर्भातील कारंजा येथील पोथ्या, हे सारे त्या दानाचे फळ आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी साजरी होते. वर्षातून एक दिवस ग्रंथापुढे हात जोडणारा हा समाज आहे.

आधुनिक काळातील उदाहरण तर साऱ्या देशास परिचित आहे. साहू शांतिप्रसाद जैन यांनी १९४४ मध्ये भारतीय ज्ञानपीठाची स्थापना केली. रमा जैन यांनी ते कार्य वाढविले. पहिला ज्ञानपीठ पुरस्कार १९६५ सालासाठी मल्याळम कवी जी. शंकर कुरूप यांना मिळाला. मराठीत वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे त्याचे मानकरी ठरले. जळगावच्या जैन परिवाराच्या प्रतिष्ठानाकडून बहिणाबाई चौधरी आणि बालकवी ठोंबरे यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात. पुण्याच्या महाविद्यालयीन रंगभूमीवर फिरोदिया करंडकाने कितीतरी नव्या संहिता लिहवून घेतल्या आहेत.

तथापि एक भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. पुरस्कार लिहून झालेल्या ग्रंथाला मिळतो. लिहिणाऱ्याला त्याच्या कितीतरी आधी वेगळ्याच गोष्टीची गरज असते, आणि तिचे नाव भिवंडीच्या बाजारास चांगले ठाऊक आहे. सुताचा व्यापारी मागवाल्याला सूत देतो, ते मुदतीवर. सूत मागावर चढावे, कापड विणून निघावे, ताके बाजारात जावेत आणि पैसा फिरून यावा, एवढा अवधी त्या व्यवहारात गृहीत धरलेला असतो. सूत दिल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी कापडाचे पैसे मागत नाही. लेखन शिकणाऱ्या मुलास अशीच मुदत हवी असते. समाजाने पुरस्कार पुष्कळ दिले. आता घराने मुदत द्यावी, एवढाच या विवेचनाचा मथितार्थ आहे.

हे शिकवता येते काय?

"लेखक जन्मावा लागतो, तो शिकवून होत नाही," असा आक्षेप नेहमी घेतला जातो. गायकाचा गळाही जन्मजात असतो. तरी त्यास गुरूकडे बसावेच लागते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखनाची कार्यशाळा पदव्युत्तर स्तरावर सुरू केली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये असा अभ्यासक्रम आरंभिला. तेथे शिकलेले काझुओ इशिगुरो यांना २०१७ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. आयोवाच्याच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात होते.

या शिक्षणाची पद्धत सोपी आणि कठोर आहे. विद्यार्थ्याने लिहिलेले पान वर्गातील सर्वजण वाचतात. कोठे गोष्ट रेंगाळली, कोणते पात्र खोटे बोलते, कोणते वाक्य नको होते, हे ते लेखकासमोर सांगतात. लेखकाने शांतपणे ऐकायचे असते. ताका उजेडासमोर धरून त्यातील तुटलेला धागा शोधावा, तसेच हे काम आहे. अखेरीस प्रबंधाऐवजी कथासंग्रह, कादंबरी वा नाटक यांचे हस्तलिखित सादर करावे लागते.

मराठीत ही शाळा एकेकाळी संपादकाच्या टेबलावर भरत असे. 'सत्यकथा' आणि 'मौज' यांचे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक नवोदितांच्या कथा परत पाठवीत, त्या का परत आल्या हे सांगत, पुन्हा लिहवून घेत. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाले. दिवाळी अंकांची १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची परंपरा आजही चालू आहे, पण प्रत्येक नवोदिताच्या पानावर वेळ घालविणारे संपादन दुर्मीळ झाले आहे. ती उणीव काही अंशी विद्यापीठांनी भरून काढावी, अशी ही गरज आहे.

आज भिवंडीच्या विद्यार्थ्यापुढे असणाऱ्या वाटा अशा. मराठी वा अन्य भाषासाहित्यात एम.ए. करणे ही पहिली आणि सर्वांत कमी खर्चाची. मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल कल्याण वा ठाण्याहून लोकलने गाठता येते. एम.ए.नंतर यू.जी.सी.च्या नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.च्या काळात दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन मिळते. साहित्याच्या अभ्यासकास स्थिरपणे लिहिण्यासाठी याहून भक्कम आधार क्वचितच मिळेल. दुसरी वाट थेट सर्जनशील लेखनाची. दिल्लीच्या डॉ. बी. आर. आंबेडकर विद्यापीठात या विषयाची पदव्युत्तर पदवी आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची लेखनविषयक पदविका घरी राहून, दुकान सांभाळून करता येते. तिसरी वाट पटकथेची. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचे शिक्षण मिळते. विदेशातील शिक्षणाचा विचार असेल, तर ब्रिटनमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीसाठी चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. अमेरिकेतील काही विद्यापीठे लेखनाच्या विद्यार्थ्यास शुल्कमाफी आणि विद्यावेतनही देतात. म्हणून तेथे अर्ज करताना पूर्ण अर्थसाहाय्य असलेल्या जागाच प्रथम पाहाव्यात.

यात एका अनुकूल घटनेची भर पडली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात प्राकृत आणि पाली यांचाही समावेश होता. राज्याने अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आहे. मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांशी जन्माने नाते असलेल्या जैन विद्यार्थ्यास हा काळ अनुकूल आहे.

कोणत्या वयात कोणती संधी

तिशीच्या आत असलेल्यांसाठी 'पीएम-युवा' ही योजना मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०२१ मध्ये ती सुरू झाली. नॅशनल बुक ट्रस्ट ती राबविते. देशभरातून पुस्तकाचे प्रस्ताव मागविले जातात. निवड झालेल्या तरुणास सहा महिने, दरमहा ५०,००० रुपये याप्रमाणे एकूण ३ लाख रुपये मिळतात, ज्येष्ठ लेखकाचे मार्गदर्शन लाभते, पुस्तक ट्रस्ट प्रकाशित करते आणि पुढे १० टक्के रॉयल्टी देते. मराठीतही प्रस्ताव देता येतो. विषय प्रत्येक आवृत्तीत ठरवून दिलेले असतात. २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीत भारतीय ज्ञानपरंपरा हा एक विषय होता. मान्यखेटच्या राष्ट्रकूटांच्या काळात 'गणितसारसंग्रह' रचणारे महावीराचार्य हे ज्या मुलांनी पाठशाळेत ऐकले आहेत, त्यांना अशा विषयासाठी सामग्री शोधत दूर जावे लागणार नाही. या योजनेचे खरे महत्त्व असे की ती पुस्तक झाल्यावर बक्षीस देत नाही, पुस्तक होण्यासाठी सहा महिन्यांची मुदत देते.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेले हे मंडळ नवोदितांची हस्तलिखिते मागवते, तज्ज्ञांकडून वाचून घेते आणि निवडलेल्या हस्तलिखिताच्या प्रकाशनास अनुदान देते. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी स्वतंत्र विभाग आहेत: काव्यासाठी बहिणाबाई चौधरी, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ, नाटकासाठी विजय तेंडुलकर, ललितगद्यासाठी ताराबाई शिंदे यांच्या नावाने.

पस्तिशीपर्यंत साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. २०११ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराची रक्कम ५०,००० रुपये आहे. अकादमीचे मुंबई कार्यालय दादरला आहे. तेथील पुस्तके आणि कार्यक्रम विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावेत. २५ ते ४० या वयोगटासाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे. तीत दोन वर्षे दरमहा १०,००० रुपये मिळतात आणि साहित्याचाही अंतर्भाव होतो.

जाहिराती वर्षातून एकदाच निघतात आणि मुदत अल्प असते. इन्कम टॅक्सच्या तारखा ज्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिल्या जातात, त्याच कॅलेंडरवर या तारखाही लिहाव्यात. बहुतेक संधी गुणवत्तेच्या अभावी हुकत नाहीत. दाखला वेळेवर न मिळाल्याने, सारांश शेवटच्या रात्री लिहिल्याने हुकतात.

जमाखर्च

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. पुस्तकाने पोट भरते काय? सरळ हिशेब करावा. ३०० रुपये किमतीच्या पुस्तकाची १,००० प्रतींची आवृत्ती निघाली, सारी विकली गेली आणि रॉयल्टी १० टक्के असली, तर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात. तेही दोनएक वर्षांच्या श्रमानंतर. तेव्हा केवळ पुस्तकावर संसार चालेल, असे मुलास कोणी सांगू नये आणि मुलानेही मानू नये. उत्पन्न येते ते लेखनकौशल्याच्या इतर उपयोगांतून: अध्यापन, अनुवाद, ग्रंथसंपादन, जाहिरातीची संहिता, मालिका आणि चित्रपटांची पटकथा व संवाद, पाठ्यपुस्तके, संस्थांचे इतिहास आणि चरित्रे. पुस्तक ही या व्यवसायातील साख आहे. साख वाढली की कामे येतात, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मुलीचे पुस्तक निघावे म्हणून कौतुकाने रक्कम मोजणारे वडील पुष्कळ असतात, आणि ती रक्कम घेऊन कोणतेही संपादन न करता पुस्तक छापून देणारेही पुष्कळ असतात. प्रती घरी येतात, समारंभ होतो, गठ्ठे माळ्यावर जातात. व्यवहाराचा साधा नियम असा की माल ज्याचा, पैसा त्याला मिळावा. ज्या प्रकाशकास हस्तलिखितावर विश्वास आहे, तो स्वतःचे भांडवल घालतो. तेच भांडवल मुलीच्या शिक्षणावर आणि वेळेवर खर्च झाले, तर पुढचे पुस्तक स्वतःच्या बळावर उभे राहते. आय.एस.बी.एन. क्रमांक तर भारतात शासकीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर सावध व्हावे.

करार वाचण्याची सवय व्यापारी घरातील मुलांचे खास बळ ठरू शकते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात कालावधी लिहिला नसेल तर तो पाच वर्षे मानला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर भारत एवढाच मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्यांचा उपयोग केला नाही, आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर ते हक्क संपुष्टात येतात. अनुवाद, चित्रपट, ध्वनिपुस्तक यांचे हक्क स्वतंत्रपणे नमूद करावेत. एका सहीत सारे देऊन टाकू नये. पटकथा लिहिणाऱ्याने मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहितेची नोंदणी करूनच ती बाहेर दाखवावी. लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षे हे हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे चांगले पुस्तक ही दुकानाच्या गाळ्यासारखीच वारसाहक्काने जाणारी मालमत्ता आहे.

करांचेही पाहू. आयकराची जुनी पद्धत निवडणाऱ्या निवासी लेखकास साहित्यिक पुस्तकांच्या रॉयल्टीवर वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. क्रमिक पुस्तकांना ती लागू नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरही जुन्या पद्धतीत आठ वर्षांपर्यंत वजावट आहे. कर्ज घ्यावे लागलेच, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना पाहावी. यादीतील दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास ती विनातारण, विनाजामीनदार कर्ज देते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, अन्य शासकीय शिष्यवृत्ती वा व्याजसवलत घेतली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षणकाल आणि हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या अवधीत, ३ टक्के व्याजसवलत मिळते. जैन समाजास २७ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा आहे; त्यानुसार मिळणाऱ्या शैक्षणिक कर्जाच्या योजनाही वाणिज्य वा अभियांत्रिकीपुरत्याच आहेत, असे समजून विचारण्याचे टाळू नये.

भिवंडीची न लिहिलेली वही

मुलांना एवढे बळ द्यावे ते कशासाठी, याचे उत्तर आपल्या गावातच आहे. मुंबईचे गिरणगाव मराठी साहित्यात आले. नारायण सुर्वे यांच्या कवितेत ते आले. १९८२ च्या संपानंतरची होरपळ जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकात आणि कथांत आली. भिवंडीचा माग त्या मानाने फार थोडा लिहिला गेला. रात्रपाळीत खडखडणारे कारखाने, सुताच्या भावातील चढउतार, एका दिवाळखोरीने हादरणारी दहा घरे, धामणकर नाक्यापासून अंजूर फाट्यापर्यंत बदलत गेलेला बाजार, शेतांच्या जागी उभी राहिलेली गोदामे हे सारे येथील पेढीवर बसणाऱ्या माणसाने रोज पाहिलेले आहे. मागावरील कामगाराची बाजू जशी लिहिली जायला हवी, तशीच त्याला सूत देणाऱ्याची आणि त्याचे कापड घेणाऱ्याचीही. त्यात कौतुक असेल आणि न बोललेले अपराधही असतील. बनारसीदासांनी स्वतःच्या खोटीचा हिशेब लपविला नाही, म्हणूनच तो आज वाचला जातो.

भाषेची संपत्तीही येथे अपार आहे. घरात गुजराती, कच्छी वा मारवाडी, शाळेत मराठी, दुकानात हिंदी, मागवाल्याशी उर्दू वळणाची बोली, आणि कानांवर तेलुगू, हे ज्या मुलांचे बालपण आहे, त्यांना अनुवादाचे शिक्षण निम्मे घरीच झालेले असते. गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीस २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. दोन्ही वेळा ५०,००० पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक यांच्यात समान वाटली गेली. साहित्य अकादमीही अनुवादासाठी स्वतंत्र पुरस्कार देते. भिवंडीतील उर्दू कथा मराठीत, मराठीतील ग्रंथ गुजरातीत आणि प्राकृतातील कथा आजच्या मराठीत आणणारे हात या गावात तयार होऊ शकतात.

घराने करावयाचा करार

तेव्हा मुलाने वा मुलीने इच्छा बोलून दाखविली की, होकार वा नकार देण्यापूर्वी घराने तिच्याशी तीन वर्षांचा करार करावा. दोन वर्षे शिक्षणाची, एक वर्ष पहिल्या हस्तलिखिताचे. दिवसातील ठराविक तास तिचे. त्या वेळेत दुकानातून फोन येणार नाही, पाहुण्यांच्या चहासाठी हाक पडणार नाही. तिच्या बाजूने अट अशी की वही ठेवली जाईल: किती पाने लिहिली, कोठे पाठविली, काय परत आले, का परत आले. नवे दुकान पहिल्या वर्षी तोट्यात गेले म्हणून कोणी कुलूप लावत नाही. परत आलेल्या चार कथांवरून मुलाची पारख करू नये. तीन वर्षांनी दोघांनी मिळून ताळेबंद पाहावा. तो अनुकूल नसला, तरी नेमके लिहिणारा, करार वाचणारा आणि माणसे ओळखणारा तरुण पेढीस मिळालेला असेल. ते शिक्षण वाया गेले, असे कोण म्हणेल?

मुलींच्या बाबतीत एक शब्द अधिक. "लग्नानंतर लिही" असे सांगताना लग्नानंतरची मुदत कोण देणार, हे कोणी सांगत नाही. स्थळ पाहताना शिक्षण, पगार, घर यांची बोलणी होतात. त्याच बोलण्यात "ती लिहिते आणि लिहीत राहील" हे वाक्य वडिलांनी स्वतः उच्चारावे. आईने मनात केलेला वयाचा हिशेब त्या एका वाक्याने पुष्कळ हलका होईल.

समाजाच्या ट्रस्टांनाही येथे लहानसे काम आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जावर वैद्यकीय, अभियांत्रिकी, सी.ए. असे रकाने असतात. त्यांत 'साहित्य आणि अनुवाद' असा एक रकाना वाढवावा. दरवर्षी एका विद्यार्थ्यास सहा महिने लिहिण्यापुरते साहाय्य, ठाणे वा दादरच्या ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी आणि हस्तलिखित वाचून देणाऱ्या जाणकाराचे मानधन, एवढ्याने आरंभ होतो. १८९३ पासून चालत आलेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय भिवंडीपासून बसने जाण्याच्या अंतरावर आहे. पूर्वीच्या श्रावकांनी लेखनिकाच्या बोरूला आणि शाईला द्रव्य दिले. आज त्याच शास्त्रदानात विद्यार्थ्याचे सहा महिने जमा धरावेत. पुस्तक निघाल्यावर त्याच्या पहिल्या पानांत साहाय्य करणाऱ्या घराचे नाव येईलच. जुन्या पोथीच्या प्रशस्तीतही ते असेच येत असे.